क्यूटीत स्टाइलशीट लावून आयकॉनचा रंग बदलता येतो का? डार्क थीम, १४० काळे आयकॉन आणि शुक्रवार

महापेचा_मावळा | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. कोपरखैरण्याला ठाणे लोकल पकडली, खिडकी मिळाली, म्हणून धागा काढतोय. कळव्याचा पूल येईपर्यंत लिहून संपवायचं आहे. विभागाचा नियम पाळून सगळं देवनागरीत लिहितो, कोड उच्चारावरून ओळखा.

आमचं सॉफ्टवेअर म्हणजे गोळ्यांच्या पट्ट्या पॅक करणाऱ्या मशीनचं पॅनेल. सी++, क्यूटी ५.१५ (स्क्रीनवरच्या खिडक्या-बटणं बनवायचा टूलकिट), साधी विजेट्स, म्हणजे बटणं, याद्या वगैरे. क्लायंटचा प्लांट रबाळ्याला. गेल्या महिन्यात रात्रपाळीला तिथे गेलो होतो. सगळा स्क्रीन पांढराफटक, आजूबाजूला दिवे मंद. ऑपरेटरने स्क्रीनच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात खाकी पॅकिंग टेपची पट्टी चिकटवलेली. विचारलं तर म्हणाला, "साहेब, तो लोगो डोळ्यांत जातो." त्या टेपमुळे डार्क थीमचा विषय निघाला आणि माझ्या गळ्यात पडला.

एक स्टाइलशीट, म्हणजे काय कसं दिसावं याच्या नियमांची यादी, लिहिली. पार्श्वभूमी गडद करडी, क्यूटूलबटनला (टूलबारवरच्या बटणाला) 'कलर: व्हाइट'. अक्षरं पांढरी झाली, आयकॉन मात्र काळेच. आता टूलबार म्हणजे कोळशाच्या वखारीत बसलेले कावळे. वेबवर चालतं म्हणून 'फिल्टर: इन्व्हर्ट' लिहून पाहिलं, तर कन्सोलवर 'अननोन प्रॉपर्टी' म्हणून खाली मान. 'फिल'चंही तेच.

आयकॉन म्हणजे १४० पीएनजी चित्रं आहेत. स्टाइलशीटमध्ये एका ओळीत यांचा रंग बदलायची काही सोय आहे का? शुक्रवारी क्लायंट बघायला येतोय.

नौपाडा_एक्सप्रेस | सोमवार, रात्री ९.५२

नाही.

धागा बंद करा, मामलेदारला मिसळ खायला चला.

खाडीपलीकडे | सोमवार, रात्री १०.३०

वरचं उत्तर बरोबर आहे, मिसळीसकट. पण 'का नाही' हे कळलं तर मावळ्याचे पुढचे दोन दिवस वाचतील.

क्यूटीची स्टाइलशीट दिसायला वेबपानं सजवणाऱ्या सीएसएससारखी, पण ती वेबची सीएसएस नव्हे. २००६ साली ४.२ मध्ये ती आली तेव्हा बटणं, चौकटी, अक्षरं रंगवता यावीत एवढाच हेतू होता. तिच्यातला 'कलर' म्हणजे अक्षर काढायच्या पेनातली शाई. आयकॉन हा शाईचा विषयच नाही. क्यूआयकॉन ही चित्रांची पिशवी असते. पिशवीत चार कप्पे: नॉर्मल, डिसेबल्ड, अ‍ॅक्टिव्ह, सिलेक्टेड. शिवाय प्रत्येकाचे ऑन आणि ऑफ. बटण रंगवताना स्टाइल पिशवीत हात घालते, योग्य कप्प्यातलं चित्र काढते आणि जसंच्या तसं चिकटवते. तुमचा 'कलर' त्या वाटेवर कुठे भेटतच नाही.

स्टाइलशीटला चित्र *बदलता* येतं, *रंगवता* येत नाही. म्हणजे 'क्यूटूलबटन:होव्हर' (माउस वर आला की लागणारा नियम) मध्ये 'इमेज: यूआरएल(दुसरी फाइल)' लिहा, चालेल. पण मग प्रत्येक आयकॉनच्या चार फाइली. १४० गुणिले ४ म्हणजे ५६०, आणि दोन थीम म्हणजे ११२०. पुढच्या वर्षी मालकाने निळ्याऐवजी हिरवा सांगितला की पुन्हा श्रीगणेशा.

एक सापळा आधीच सांगून ठेवतो, कारण उद्या कोणीतरी सुचवेलच. 'क्यूप्रॉपर्टी-आयकॉन' लिहून स्टाइलशीटमधून आयकॉन बसवता येतो. तो विजेट पहिल्यांदा 'पॉलिश' होताना, म्हणजे त्याला स्टाइल चढताना, एकदाच वाचला जातो. त्याला ':होव्हर' जोडून काही होत नाही. मी यात एक रविवार घालवला आहे.

अजगरवाला | सोमवार, रात्री ११.०५

क्यूग्राफिक्सकलराइझइफेक्ट लाव ना भावा, अख्ख्या विजेटवर रंग चढवतो. दोन ओळी. विजेटला 'सेटग्राफिक्सइफेक्ट', रंग दे, काम तमाम.

महापेचा_मावळा | मंगळवार, सकाळी ८.२०

@अजगरवाला रात्रीच लावून पाहिलं. पूर्ण टूलबारला लावलं तर काळे आयकॉन मस्त निळसर झाले. पण सोबत बटणांच्या कडा, विभाजक रेघा, होव्हरची पट्टी सगळंच निळं. आणि गंमत म्हणजे पांढरी अक्षरं ढिम्म पांढरीच.

खाडीपलीकडे | मंगळवार, सकाळी ८.४५

गंमत नाही, गणित आहे. तो इफेक्ट आधी सगळं चित्र करडं करतो आणि मग त्यावर तुमचा रंग 'स्क्रीन' पद्धतीने टाकतो. स्क्रीनमध्ये काळ्यावर रंग पूर्ण चढतो, पांढऱ्यावर चढायला जागाच नसते. पिवळे-लाल दिवे असलेल्या पॅनेलवर हा प्रकार नको. शिवाय विजेट आधी बाहेर एका चित्रात काढून मग प्रक्रिया करतो, त्यामुळे मोठ्या पॅनेलला जड जातो. एका विजेटला एकच इफेक्ट, हेही आलंच.

कॉफी_कमी_जावा_जास्त | मंगळवार, सकाळी ९.१०

आमच्या जावाएफएक्समध्ये (जावाचा असाच टूलकिट) आकार स्टाइलशीटमध्येच लिहिता येतो. एसव्हीजीचा (ठिपक्यांऐवजी रेघांनी सांगितलेल्या चित्राचा) पाथ 'शेप' म्हणून द्यायचा आणि रंग 'बॅकग्राउंड-कलर'ने. होव्हरला बदलतो, डिसेबलला बदलतो, आनंदीआनंद. पण इमेजव्ह्यूमध्ये पीएनजी असेल तर आमचीही बोंबच. स्टाइलशीटमधून इफेक्ट दोनच मिळतात, बाहेरची सावली आणि आतली सावली. बाकी कोडमधून.

नौपाडा_एक्सप्रेस | मंगळवार, सकाळी ९.१२

इलेक्ट्रॉनमध्ये लिहा ना सगळं, आत ब्राउझरच असतो. मास्क आहे, फिल्टर आहे.

महापेचा_मावळा | मंगळवार, सकाळी ९.१५

पॅनेल पीसीत दोन जीबी रॅम आहे.

नौपाडा_एक्सप्रेस | मंगळवार, सकाळी ९.१६

मी काही बोललोच नाही.

तलावपाळी | मंगळवार, दुपारी १.४०

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, जरा लांबेल.

मावळे, तुम्ही रांगोळीचे छापे पाहिलेत ना? प्लॅस्टिकची ताटली, भोकांत कमळ नाहीतर पावलं. छाप एकच, त्यात पांढरी रांगोळी टाका, पांढरी पावलं उमटतात. लाल टाका, लाल. छाप ठरवतो *कुठे* पडायचं, भुकटी ठरवते *काय रंगाचं*. तुमच्या पीएनजीत ही दोन्ही कामं एकत्र बांधलेली आहेत. प्रत्येक ठिपक्याला लाल-हिरवा-निळा हे तीन आकडे आणि चौथा अल्फा, म्हणजे पारदर्शकता. अल्फा हा छाप, बाकी तीन ही भुकटी. काळी भुकटी झटकून टाकायची आणि छाप तेवढा ठेवायचा, एवढंच काम आहे.

क्यूटीच्या चित्र काढणाऱ्या क्यूपेंटरमध्ये त्यासाठी 'सोर्सइन' नावाचा कंपोझिशन मोड (चित्रावर चित्र टाकायची पद्धत) आहे. कृती अशी: पीएनजी पिक्समॅपमध्ये (मेमरीतल्या चित्रात) वाचा. त्याच पिक्समॅपवर पेंटर उघडा. मोड सोर्सइन करा. पूर्ण चौकोनावर 'फिलरेक्ट'ने हवा तो रंग ओता. पेंटर बंद करा. जिथे अल्फा होता तिथेच रंग राहतो, कडांची मऊ झालरही शाबूत, कारण अर्धपारदर्शक ठिपका अर्धपारदर्शकच राहतो. पाच ओळींचं फंक्शन होतं. नाव द्या 'रंगवलेलाआयकॉन', त्याला फाइल आणि रंग द्या, तो क्यूआयकॉन परत देईल.

आणि तो देताना पिशवीचे कप्पे आपण स्वतः भरा. नॉर्मल एका रंगाने, डिसेबल्ड फिक्या रंगाने, सिलेक्टेड तिसऱ्याने, 'अ‍ॅडपिक्समॅप' वापरून. डिसेबल्डचा कप्पा रिकामा ठेवलात तर क्यूटीची स्टाइल स्वतःच्या अकलेने करडा करते. तो करडा उजेडाच्या थीमसाठी ठीक, गडद पार्श्वभूमीवर आयकॉन गेला की आहे ते कळत नाही.

खाडीपलीकडे | मंगळवार, दुपारी २.०५

तलावपाळीताईंना +१. छापाचं उदाहरण चोरणार आहे.

या 'सोर्सइन'चं मूळ १९८४ सालचं आहे. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ, दोघे तेव्हा लुकासफिल्ममध्ये. एकावर एक चित्र ठेवताना अल्फाचं काय करायचं याचे नियम त्यांनी त्या वर्षी सिग्राफ या संगणक-चित्रांच्या परिषदेत मांडले. ओव्हर, इन, आउट, अ‍ॅटॉप, एक्सऑर ही नावं तिथली. आज मोबाइलपासून ब्राउझरपर्यंत तेच नियम. आपण फक्त टूलबारला हळद लावतोय.

पेंग्विनप्रेमी | मंगळवार, संध्याकाळी ७.३०

बेलापूरहून उशिरा हजेरी. हे सगळं वाचून जीटीके या दुसऱ्या टूलकिटवाल्यांना थोडं हसू येतंय, माफ करा.

आमच्याकडे आयकॉनच्या नावाच्या शेवटी '-सिम्बॉलिक' असलं की टूलकिट समजतो, याला स्वतःचा रंग नाही, हा शेजारच्या अक्षरांचा रंग घेणार. बटणाचा 'कलर' बदला, आयकॉन बदलला. मावळ्याने लिहिलेली ती एक ओळ जीटीकेमध्ये चालली असती. एसव्हीजीतल्या एखाद्या भागाला 'सक्सेस', 'वॉर्निंग', 'एरर' असा क्लास दिला तर त्या भागाला थीमचा हिरवा, पिवळा, लाल मिळतो. त्या तीन रंगांची वाटणीसुद्धा 'आयकॉन-पॅलेट' या गुणधर्माने स्टाइलशीटमधून बदलता येते.

पण हसू लवकर आवरतो, कारण आमचेही दात घशात गेलेत. जीटीके ३ हे काम करताना एसव्हीजीभोवती स्वतःची छोटी स्टाइल गुंडाळतं. सगळ्या पाथ, वर्तुळ, आयतांना 'फिल' अमुक रंगाचा, तोही 'इम्पॉर्टंट' लावून. त्यामुळे नुसत्या रेघेने काढलेला, आत 'फिल: नन' असलेला आयकॉन दिला की आत रंग भरून गोळा होतो. मी घंटा दिली होती, पडद्यावर वांगं आलं. रेघांचे पाथ करून मगच द्यावं लागतं.

महापेचा_मावळा | मंगळवार, रात्री १०.५०

तलावपाळीताई, साष्टांग. १४० पैकी १२२ आयकॉन पाच ओळींत पांढरे झाले. घरी आल्यावर आधी हेच केलं, जेवण गार.

उरलेले १८: त्यातल्या ९ चे पांढरे चौकोन झाले, अगदी खोबऱ्याच्या वड्या. उघडून पाहिलं तर त्यांना पारदर्शक पार्श्वभूमीच नाही, कोणीतरी पूर्वी पांढऱ्यावर काळं काढून सेव्ह केलंय. म्हणजे छापाला भोकंच नाहीत, सगळी ताटली एक भोक.

दुसरे ९ अधिक अवघड. 'प्रिंटर बंद' या आयकॉनमध्ये प्रिंटर काळा आणि त्यावर लाल फुली. रंगवल्यावर दोन्ही पांढरे, फुली दिसेनाशी झाली. प्रिंटर चालू आणि प्रिंटर बंद आता सारखेच. हे घेऊन शुक्रवारी उभा राहिलो तर मीच बंद.

अजून एक. ऑफिसच्या लॅपटॉपवर डिस्प्ले १५० टक्के आहे, तिथे सगळे आयकॉन चष्मा काढल्यासारखे दिसतात.

तलावपाळी | मंगळवार, रात्री ११.१५

शेवटचं आधी. तुम्ही २४ बाय २४ चा पिक्समॅप बनवून देताय, १५० टक्क्यांला तो ३६ वर ताणला जातो. मूळ चित्र ३६ किंवा ४८ चं घ्या आणि 'सेटडिव्हाइसपिक्सेलरेशो' विसरू नका. ५.१५ मध्ये 'यूजहायडीपीआयपिक्समॅप्स' हे अ‍ॅट्रिब्यूट हाताने चालू करावं लागतं, ६ मध्ये ते कायमच चालू असतं. खरं तर एसव्हीजीकडे वळा. एसव्हीजी ही साधी मजकुराची फाइल. वाचायची, त्यातला काळा रंग शोधून हवा तो घालायचा, ते बाइट्स क्यूएसव्हीजीरेंडररला द्यायचे, हव्या त्या मापात काढायचं.

आणि दोनरंगी आयकॉनचं उत्तर त्यातच आहे. दोन रंग, दोन खुणा. प्रिंटरला एक रंग, फुलीला दुसरा, फक्त पहिलाच बदला.

पेंग्विनप्रेमी | मंगळवार, रात्री ११.३०

केडीई या लिनक्स डेस्कटॉपचे ब्रीझ आयकॉन नेमके असेच बनवलेले आहेत. फाइलच्या डोक्यावर 'करंट-कलर-स्कीम' या आयडीचा स्टाइलचा तुकडा. प्रत्येक आकाराला क्लास, 'कलरस्कीम-टेक्स्ट' म्हणजे अक्षरांचा रंग, 'कलरस्कीम-निगेटिव्हटेक्स्ट' म्हणजे धोक्याचा. आणि 'फिल: करंटकलर'. आयकॉन वाचताना केआयकॉनलोडर तो डोक्यावरचा तुकडा काढून पॅलेटमधल्या (अख्ख्या प्रोग्रामच्या रंगांच्या यादीतल्या) रंगांचा नवा घालतो. तेही क्यूटीवरच चालतं बरं का. नुसत्या क्यूटीत ही सोय नाही, ती केडीईने वर बांधली आहे. नक्कल करायला मात्र सोपी.

जुईनगरची_जुई | बुधवार, सकाळी ७.५५

मी यूएक्सवाली, म्हणजे स्क्रीन वापरणाऱ्याला कसा पडेल ते बघणारी, कोड येत नाही, पण एक काडी टाकते.

मावळे, ती लाल फुली आहे ना, तिला थीमशी काही देणंघेणं नाही. मशीनच्या नियंत्रण पॅनेलसाठी आयईसी ६०२०४-१ या आंतरराष्ट्रीय मानकात दिव्यांचे रंग ठरलेले आहेत. लाल आणीबाणीचा, पिवळा बिघाडाकडे चाललेल्या स्थितीचा, हिरवा सुरळीत, निळा म्हणजे ऑपरेटरने काहीतरी करणं सक्तीचं, पांढरा तटस्थ. स्क्रीनवरच्या आयकॉनला तो नियम अक्षरशः लागू होतो का यावर वाद घालता येईल. पण ऑपरेटरच्या डोक्यात एकच शब्दकोश असतो. मशीनवर लाल म्हणजे थांब आणि स्क्रीनवर लाल म्हणजे 'डिलीट' असं त्याला शिकवू नका.

तेव्हा कोड लिहायच्या आधी १४० आयकॉन पुढ्यात घेऊन दोन ढीग करा. ज्यांचा रंग फक्त दिसण्यासाठी आहे ते एकीकडे, ज्यांचा रंग काही *सांगतो* ते दुसरीकडे. दुसऱ्या ढिगाला थीमने शिवायचं नाही. फार तर गडद पार्श्वभूमीवर तोच लाल थोडा उजळ.

शुद्ध काळ्यावर शुद्ध पांढराही नको. रात्रपाळीला तो टेपवाला लोगो परवडला असं होईल. डब्ल्यूसीएजीच्या (वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेल्या नियमांच्या) २०१८ च्या आवृत्तीत चिन्हांसाठी कॉन्ट्रास्ट किमान ३:१ सांगितला आहे. तेवढा राखून करड्यावर फिका करडा ठेवा. बंद असलेल्या बटणांना त्यातून सूट आहे, पण म्हणून ती गायब करू नका.

खाडीपलीकडे | बुधवार, सकाळी ८.१०

जुईताई, काडी नाही, मोळी टाकलीत. मी दुसरा ढीग केलाच नव्हता, आमच्या जुन्या प्रोजेक्टात 'अलार्म'ची घंटा दीड वर्ष निळी होती. कोणी तक्रार केली नाही म्हणजे कोणी बघतच नव्हतं.

अजगरवाला | बुधवार, सकाळी ९.३०

माझा इफेक्ट पडला, आता दुसरा पत्ता. आयकॉन फॉन्ट! पायथनमध्ये क्यूटीऑसम आहे, 'आयकॉन'ला नाव आणि रंग द्यायचा, होव्हरचा रंग वेगळा देता येतो. सी++ मध्ये फॉन्ट स्वतः लोड करायचा 'अ‍ॅडअ‍ॅप्लिकेशनफॉन्ट'ने. आयकॉन म्हणजे अक्षरच असल्यामुळे मावळ्याची ती मूळ ओळ, 'कलर: व्हाइट', जशीच्या तशी लागू होते. ':होव्हर'सकट. स्टाइलशीटच्या नियमांत राहून रंग बदलायचा हा मला माहीत असलेला एकमेव मार्ग.

महापेचा_मावळा | बुधवार, सकाळी ९.५०

हे भारी आहे. पण आमचे आयकॉन ब्लिस्टर, फॉइल, कार्टन, रिजेक्ट बिन असले. कुठल्या तयार फॉन्टमध्ये ब्लिस्टर मिळणार?

तलावपाळी | बुधवार, सकाळी १०.०५

आणि मिळाला तरी एक खड्डा. आमच्या एका पॅनेलला मराठी भाषा जोडली तेव्हा कोणीतरी स्टाइलशीटच्या सुरुवातीला तारा टाकून सगळ्यांना 'फॉन्ट-फॅमिली: मुक्ता' लावला. मराठी अक्षरं सुंदर, आयकॉनांच्या जागी रिकामे चौकोन. स्टाइलशीटमधला फॉन्ट कोडमध्ये 'सेटफॉन्ट'ने दिलेल्यावर मात करतो. आयकॉनच्या लेबलांना वेगळं नाव देऊन त्यांचा फॉन्ट स्टाइलशीटमध्येच पुन्हा लिहावा लागला.

नौपाडा_एक्सप्रेस | बुधवार, सकाळी १०.२०

सीवूड्सच्या खाडीत रोहित पक्षी बघायला जाता ना? त्यांचा गुलाबी रंगही अंगचा नसतो, खाण्यातून येतो. क्यूआयकॉन तसाच. जे खायला घालाल तो रंग. वरून रंगरंगोटी लागू पडत नाही.

विनोद नाही, खरंच हेच समजलं मला एवढं वाचून.

खाडीपलीकडे | बुधवार, सकाळी १०.३५

एक्सप्रेस आज रुळावर आहे.

मावळ्या, आता थीम चालू असताना बदलायची असेल तर पुढचं ऐक. 'रंगवलेलाआयकॉन' फंक्शन आयकॉन बनताना एकदाच रंगवतं. दिवसपाळीला उजेडाची, रात्रपाळीला गडद अशी अदलाबदल हवी असेल तर स्वतःचं क्यूआयकॉनइंजिन, म्हणजे पिशवीतून चित्र काढून देणारा भाग, लिही. त्यात 'पेंट', 'पिक्समॅप' आणि 'क्लोन' ही तीन कामं आपण करायची. प्रत्येक वेळी काढताना अ‍ॅप्लिकेशनच्या पॅलेटमधला रंग विचारायचा. बटणाच्या बाजूने काहीच बदलावं लागत नाही, ते आपलं क्यूआयकॉनच समजून चालतं.

यात मला लागलेल्या तीन ठेचा. पहिली: 'पिक्समॅप'मध्ये नवा पिक्समॅप बनवला की आधी पारदर्शक रंगाने भरायचा. नवा पिक्समॅप कोरा नसतो, त्यात मेमरीतला काहीही कचरा असू शकतो. दुसरी: पॅलेट विचारताय, पण गडद रंग फक्त स्टाइलशीटमध्ये लिहिलेत, तर अ‍ॅप्लिकेशनचं पॅलेट अजून उजेडातच आहे. आयकॉन पुन्हा काळे. रंग पॅलेटमध्ये ठेवा आणि स्टाइलशीटमध्ये 'पॅलेट(विंडो-टेक्स्ट)' असं लिहून तिथूनच घ्या. बदलताना आधी पॅलेट, मग स्टाइलशीट पुन्हा लावा. तिसरी: दरवेळी एसव्हीजी काढत बसलात तर दोन जीबीवाला पीसी रडेल. एकदा काढलेलं चित्र क्यूपिक्समॅपकॅशमध्ये साठवून ठेवा, पण किल्लीत फाइल, माप, रंग, मोड आणि पिक्सेल रेशो सगळं घ्या. मी रंग घालायचा विसरलो होतो. थीम बदलली, आयकॉन हलेनात, मी इंजिन तपासत बसलो.

आणि सोमवारी म्हटलं होतं, स्टाइलशीटला चित्र बदलता येतं. ते इथे कामी येतं. कॉम्बोचा खाली जाणारा बाण, चेकबॉक्सची खूण, हे क्यूआयकॉन नाहीत. तिथे इंजिन पोहोचत नाही. त्यांच्यासाठी स्टाइलशीटमध्ये 'इमेज: यूआरएल' आणि दोन थीमच्या दोन फाइली, हाच साधा उपाय. असे आठ-दहाच निघतात, त्यात कमीपणा मानू नका.

कॉफी_कमी_जावा_जास्त | बुधवार, दुपारी १२.१५

क्यूटी क्विकमध्ये (क्यूटीची विजेटांऐवजीची दुसरी पद्धत) 'आयकॉन.कलर' आहे ना हो? कधीतरी वापरल्यासारखं आठवतंय.

तलावपाळी | बुधवार, दुपारी १.३५

आहे, ५.१० पासून. बटणाला एक ओळ, झालं. मूळ रंग ठेवायचा असेल तर तिथे 'ट्रान्सपरंट' लिहायचं. ६.५ पासून मल्टीइफेक्टही आहे, कुठल्याही चित्रावर रंग चढवता येतो. नवीन प्रोजेक्ट असता तर मी तेच सांगितलं असतं. पण विजेटांमधलं चालू पॅनेल शुक्रवारसाठी क्विकमध्ये नेणं म्हणजे हळदीच्या दिवशी मुलगा बदलण्यासारखं.

महापेचा_मावळा | गुरुवार, रात्री १२.२५

दोन ढीग केले. ऑफिसच्या मोठ्या टेबलावर १४० आयकॉन छापून, कापून, पत्ते पिसावेत तसे. पहिल्या ढिगात ११७, दुसऱ्यात २३. जे ९ दोनरंगी होते तेवढेच दुसऱ्यात जातील असं वाटलं होतं. पण काळ्या-पांढऱ्यातल्या 'हात आत घालू नका'वाल्या १४ खुणाही जुईताईंच्या हिशेबाने तिथेच गेल्या. त्या मशीनवरच्या स्टिकरसारख्या, म्हणजे पिवळ्या त्रिकोणात केल्या. खोबऱ्याच्या वड्या झालेल्या ९ मधल्या ६ मी स्वतः पुन्हा काढल्या, ३ कुठे वापरातच नव्हत्या.

ऑफिसात सगळं चालतं. टेस्ट पीसीवर टाकलं, एकही आयकॉन नाही. एक पण नाही. आता कुणी जागं आहे का?

पेंग्विनप्रेमी | गुरुवार, रात्री १२.३१

एसव्हीजीचे प्लगइन सोबत कॉपी केलेत का? 'इमेजफॉर्मॅट्स' फोल्डरमध्ये 'क्यूएसव्हीजी' आणि 'आयकॉनइंजिन्स'मध्ये 'क्यूएसव्हीजीआयकॉन'. शिवाय एसव्हीजी मॉड्यूलचं मुख्य डीएलएल. तुमच्या मशीनवर पूर्ण क्यूटी असतं म्हणून कळत नाही.

महापेचा_मावळा | गुरुवार, रात्री १२.४८

इमेजफॉर्मॅट्स फोल्डरच नव्हता. आले. सगळे आले, बाण सोडून. कॉम्बोचे बाण अजून नाहीत.

तलावपाळी | गुरुवार, रात्री १२.५५

स्टाइलशीटमधला यूआरएल 'आयकॉन्स/बाण' असा सापेक्ष लिहिलाय का? तो प्रोग्राम ज्या फोल्डरमधून *सुरू* झाला तिथून शोधला जातो, स्टाइलशीट जिथे आहे तिथून नाही. डेस्कटॉपच्या शॉर्टकटवरून उघडलं की फोल्डर बदलतो. फाइली रिसोर्समध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या आतच, घाला आणि अपूर्णविरामाने सुरू होणारा पत्ता द्या. आणि झोपा.

महापेचा_मावळा | गुरुवार, रात्री १.१०

:/ घातला आणि बाण आले. हा पत्ता आहे, स्मायली नव्हे. झोपतो.

महापेचा_मावळा | शनिवार, सकाळी ११.००

काल दुपारी क्लायंट येऊन गेला, संध्याकाळी रबाळ्याला प्रत्यक्ष मशीनवर टाकून पाहिलं. दोन गोष्टी निघाल्या. एक, थीम बदलताना अलार्मच्या पट्टीचा रंग बदलत नव्हता. तिथे मी 'अलार्म' नावाची प्रॉपर्टी बदलून स्टाइलशीटमधल्या चौकटी कंसाच्या नियमावर भिस्त ठेवली होती. प्रॉपर्टी बदलली तरी स्टाइल आपण होऊन पुन्हा बघत नाही, 'अनपॉलिश' आणि 'पॉलिश' म्हणावं लागतं. जागेवर दुरुस्त केलं. दुसरं, एका मॅनेजरने विचारलं की आयकॉनचा रंग जरा 'कंपनीचा निळा' करता येईल का. मी फाइलमधला एक आकडा बदलला, पहिल्या ढिगातले सगळे आयकॉन एकदम फिरले. त्याला वाटलं मी आधीच करून ठेवलं होतं. मी गप्प.

रात्रपाळीला तोच ऑपरेटर होता. स्क्रीनकडे बघून "आता बरंय" एवढंच म्हणाला. प्रिंटरवरची लाल फुली त्याला लांबून दिसते का तेही तपासलं, तीन पावलांवरून दिसली.

लोगो मात्र जसा होता तसाच आहे. पांढरी पाटी, त्यावर रंगीत अक्षरं. आमच्याकडच्या ब्रँडवाल्यांनी लेखी कळवलं की लोगोच्या पार्श्वभूमीला हात लावायचा नाही. ऑपरेटरने टेपला नख लावत विचारलं, "साहेब, ही काढू का आता?"

राहू दे म्हटलं.

नौपाडा_एक्सप्रेस | शनिवार, सकाळी ११.०४

मिसळ कधी?